ईश्वरावर भार टाकणें म्हणजे काय?

आपल्या बोलण्यांत कांहीं वाक्यें इतक्या वेळां येतात कीं, त्यांच्या अर्थाकडे आपलें लक्षच जात नाहीं. ‘आतां देवावर भार’ हें अशांपैकीं एक वाक्य आहे. घरांत कोणी अत्यवस्थ असो, मुलीचें लग्न ठरावयाचें असो, मृग नक्षत्र कोरडें गेलेलें असो किंवा दाव्याचा निकाल लागावयाचा असो, कोणाच्या तरी तोंडून हें वाक्य बाहेर पडल्याशिवाय राहत नाहीं. परंतु तें उच्चारणाऱ्या सर्वांच्या मनांत एकच अर्थ असतो काय? ज्यानें रोग्यासाठीं डॉक्टर, औषध, पथ्य आणि रात्रीचें जागरण यांत तिळमात्र कसूर केली नाहीं, तो शेवटीं हात जोडून हेंच म्हणतो. आणि ज्यानें दवाखान्यांत नेण्याची टाळाटाळ केली व आतां फार उशीर झाला आहे, तोही हेंच म्हणतो. पहिल्याच्या तोंडीं हें वाक्य कर्तव्याच्या शेवटीं येतें, दुसऱ्याच्या तोंडीं तें कर्तव्याच्या जागीं येतें. या दोहोंमधील अंतर केवढें आहे, आणि खऱ्या अर्थानें ईश्वरावर भार टाकणें म्हणजे काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. प्रश्न केवळ शब्दांचा नाहीं. संकटांत आणि निर्णयाच्या प्रसंगीं मनुष्य कसा वागेल हें त्याच्या श्रद्धेच्या स्वरूपावर अवलंबून असतें, आणि त्याच्या वागण्यावर पुष्कळदां दुसऱ्या कोणाचे तरी प्राण अवलंबून असतात.

प्रथम, ज्या समजुतीला श्रद्धा हें नांव उगाच मिळालें आहे तिचा विचार करूं. पुष्कळांची अशी कल्पना असते कीं, देवावर पूर्ण विश्वास ठेवणें म्हणजे आपल्या मनांत जें आहे तेंच देव घडवून आणील असा विश्वास ठेवणें. मुलगा परीक्षेंत उत्तीर्ण होईल, शेताचा निकाल आपल्या बाजूनें लागेल, दुखणें बरें होईल, अशी खात्री बाळगणें हीच भक्तीची परमावधि असें त्यांस वाटतें. आमच्या भागांत तुळजापूरच्या भवानीला आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीला नवस बोलणारीं हजारों माणसें आहेत. त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. तापानें फणफणलेल्या मुलासाठीं जिच्याजवळ देण्यासारखें दुसरें कांहींच नाहीं, त्या आईनें साडीचोळीचा नवस केला, तर तो सौदा नव्हे, तो आकांत आहे. आणि आकांताला तर्काचे नियम लावणें हें निर्दयपणाचें आहे. परंतु जेथें आकांत नसतो, केवळ हिशेब असतो, तेथें मात्र विचार केला पाहिजे. इच्छा पुरली तर देव जागृत, न पुरली तर दुसरा देव पाहावयाचा, हा क्रम आपण घरोघर पाहतों. असा देव हा आपल्या इच्छेचा नोकर ठरतो. आणि नोकरावर आपण भार टाकला असें कोणी म्हणत नाहीं, त्याला काम सांगितलें असें म्हणतात.

या हिशेबी श्रद्धेची खरी परीक्षा ज्या दिवशीं झाली, तो दिवस आमच्या जिल्ह्याला विसरतां येण्यासारखा नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, पहांटे चार वाजण्यास चार मिनिटें कमी असतांना, औसा तालुक्यांतील किल्लारी आणि तेव्हांच्या उमरगा तालुक्यांतील सास्तूर यांच्या परिसरांत सुमारें ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन करून लोक रात्रीं उशिरां घरीं येऊन झोंपले होते. दख्खनचें पठार हें या दृष्टीनें स्थिर व सुरक्षित समजलें जात असे. आदल्या वर्षीं, म्हणजे १९९२ सालीं, किल्लारीला लहान लहान धक्के बसले होते खरे. परंतु त्यांतून असें कांहीं उद्भवेल ही कल्पना कोणास नव्हती. कांहीं सेकंदांत गांवेंच्या गांवें जमीनदोस्त झालीं. मृतांचा शासकीय आकडा आठ हजारांच्या आसपास आहे, आणि इतर अंदाज दहा हजारांच्या जवळ जातात. ज्यांनीं कांहीं तासांपूर्वीं विघ्नहर्त्याला निरोप दिला होता, त्यांच्यावरच हें विघ्न कोसळलें. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं लिस्बन शहर भूकंपानें उद्ध्वस्त झालें, तोही ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांच्या स्मरणाचा दिवस होता, आणि चर्चें उपासकांनीं भरलेलीं होतीं. अशा प्रसंगीं हिशेबी श्रद्धेजवळ बोलण्यासारखें कांहीं उरत नाहीं. तिची चोपडी तेथेंच बंद होते.

चोपडी बंद होऊं नये म्हणून मग एक जुनेंच उत्तर पुढें केलें जातें. तें असें कीं, ही पापाची शिक्षा. हें उत्तर देणारास आपण देवाचा पक्ष घेतों असें वाटतें. वास्तविक तो देवावर मोठाच आरोप करीत असतो. किल्लारीच्या परिसरांत माणसें मेलीं तीं मुख्यतः घरांच्या भिंतींखालीं. आमच्याकडील जुनीं घरें दगड आणि मातीचीं. भिंती दोन-अडीच फूट रुंद, आणि वर लांकडांवर मातीचा जाड थर दिलेलें माळवद. उन्हाळ्यांत थंडावा मिळावा आणि चोराचें भय नसावें म्हणून ज्याची ऐपत असेल तो भिंती अधिक रुंद करी. चुना किंवा सिमेंट नसल्यामुळें धक्क्यासरशीं या भिंतींचे दगड सुटले आणि वरचें सारें ओझें झोंपलेल्यांच्या अंगावर आलें. जे कुडाच्या भिंतींच्या आणि गवताच्या छपराच्या झोंपड्यांत राहत होते, त्यांतले पुष्कळ वांचले. म्हणजे देवानें तान्ह्या मुलांना शिक्षा दिली, आणि ती भिंतीची रुंदी पाहून दिली, असें या उत्तराप्रमाणें मानावें लागेल. ज्याच्या मनांत ईश्वराविषयीं थोडाही आदर आहे, त्याला असें मानवणार नाहीं.

या प्रश्नावर आपल्या देशांत एकदां दोन थोर पुरुषांत जाहीर मतभेद झाला होता. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत प्रचंड भूकंप झाला, तेव्हां हें अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वरानें केलेलें शासन होय, असें गांधीजींनीं म्हटलें. रवींद्रनाथ ठाकुरांनीं त्यास स्पष्ट विरोध केला. निसर्गांतील उत्पातांचीं कारणें निसर्गांतच असतात, आणि अशा युक्तिवादाचा उपयोग गांधीजींपेक्षां त्यांच्या विरोधकांनाच अधिक होईल, असें त्यांचें म्हणणें होतें. गांधीजींनीं तो विरोध आपल्या ‘हरिजन’ पत्रांत छापला आणि त्याला उत्तरही दिलें. दोघेही ईश्वरभक्त, दोघांनाही अस्पृश्यतेचा तिटकारा. गांधीजींच्या सचोटीविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं, कारण त्यांनीं शिक्षा दुसऱ्याच्या पापाची न मानतां आपल्या सर्वांच्या पापाची मानली. तरीही आमच्या मतें सत्य रवींद्रनाथांच्या बाजूस होतें. स्वतःच्या दुःखांत मनुष्यानें आपलें अंतःकरण तपासावें, हें योग्यच आहे. परंतु दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ देवाच्या वतीनें लावण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. ज्याचा ईश्वरावर खरा विश्वास आहे त्याला हें ठाऊक असतें कीं, आपण त्याचे भक्त आहों, वकील नव्हे.

मग विश्वासाला राहिलें काय, असें कोणी विचारील. दुःखाचा उलगडा करणें हें विश्वासाचें कामच नव्हे, असें आम्हांला वाटतें. दुःखाचा उलगडा झालेला नसतांनाही पुढलें पाऊल टाकण्याचें बळ जी वृत्ति देते, तिला विश्वास म्हणावें. १९९३ नंतर किल्लारीच्या आसपासचीं बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जेथें गांव हलविलें नाहीं तेथें घरें दुरुस्त व मजबूत करण्याची योजना झाली. भिंतींत आरपार जाणारे दगड बसवावे, दारांच्या माथ्यावरून कांक्रीटचा पट्टा फिरवावा, माळवदावरची माती कमी करावी, अशा गोष्टी गवंड्यांना शिकविण्यांत आल्या. कित्येक महिने लोक दगडी घरांत झोंपण्यास भीत होते व पत्र्याच्या निवाऱ्यांत रात्री काढीत होते. अशा माणसानें पुन्हां एका छपराखालीं पाठ टेकली, मुलांना जवळ घेतलें आणि दिवा मालवला, ही आमच्या दृष्टीनें साधी कृति नव्हे. ईश्वरावर भार टाकणें तें हेंच. मात्र भिंतींतील तो कांक्रीटचा पट्टा या भार टाकण्याच्या आड येत नाहीं. ‘देव राखील तर पट्टा कशाला?’ असें म्हणणारा मनुष्य अधिक श्रद्धाळू नसतो. पट्टा घालण्याचें ज्ञान ज्या बुद्धीनें मिळतें तीही ईश्वरानेंच दिली आहे, एवढें तो विसरलेला असतो. आणि पट्टा घातला म्हणजे आतां कांहीं होणारच नाहीं असें म्हणणारा त्याच्यासारखाच चुकतो. आपल्या हातीं जें आहे तें पुरें करावें, आणि जें हातीं नाहीं त्याच्या भयानें जगणें थांबवूं नये, यांतच श्रद्धा आणि शहाणपण यांचा मेळ आहे.

आतां निर्णयाच्या प्रसंगाकडे वळूं. संकट आपल्यावर येतें, तें निवडण्याची वेळ आपल्यावर येत नाहीं. निर्णय मात्र आपला आपणच घ्यावयाचा असतो, आणि म्हणून तो संकटापेक्षांही जड वाटतो. हें जडपण टाळण्यासाठीं कोंकणांत देवाला फुलें किंवा पाकळ्या चिकटवून कौल लावण्याची रूढि आहे. आमच्याकडे देवापुढें दोन चिठ्ठ्या ठेवून लहान मुलाकडून एक उचलवितात. दोन्ही मार्ग धर्माच्या व विचाराच्या दृष्टीनें सारखेच असतील, आणि केवळ मनाची घालमेल थांबवावयाची असेल, तर चिठ्ठीनें कांहीं बिघडत नाहीं. परंतु आपल्या आयुष्यांत दोन्ही पारडीं खरोखर समतोल असण्याचे प्रसंग फार थोडे. बहुधा योग्य मार्ग कोणता हें आपल्याला कळलेलें असतें; तो महाग आहे, एवढीच अडचण असते. वृद्ध आईबापांना कोणीं सांभाळावें यावर भावाभावांनीं चिठ्ठ्या टाकल्या, तर तो देवाला विचारलेला प्रश्न नव्हे, स्वतःच्या मनानें दिलेलें उत्तर ऐकूं येऊं नये म्हणून केलेला तो उपाय आहे. चिठ्ठी आपल्या इच्छेविरुद्ध निघाली म्हणजे ‘एकदां पुन्हां पाहूं’ असें जो म्हणतो, त्याचा निर्णय आधींच झालेला असतो. त्यावर त्याला देवाची सही तेवढी हवी असते.

तर मग निर्णयांत ईश्वरावरील विश्वासाचा उपयोग कोणता? आमच्या समजुतीप्रमाणें तो असा कीं, विश्वास निर्णय घेऊन देत नाहीं, तो निर्णय घेणारास निर्भय करतो. माणसाची बुद्धि वांकडी होते ती बहुधा अज्ञानानें नव्हे, भयानें. नोकरी जाईल, लोक हंसतील, पैसा बुडेल, या भयांच्या गर्दींत विचाराला उभें राहण्यास जागा मिळत नाहीं. फळ आपल्या मनासारखें आलें नाहीं तरी आपण सर्वस्वीं बुडणार नाहीं, आपल्याला धरणारा कोणी आहे, अशी ज्याच्या मनाची बैठक असते, त्याला प्रश्नाच्या दोन्ही बाजू उघड्या डोळ्यांनीं पाहतां येतात.

या निर्भयतेचें उदाहरण म्हणून महाराष्ट्रानें मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा शतकानुशतकें जतन केली आहे. पंधराव्या शतकांत, बहामनी राज्याच्या काळीं, भयंकर दुष्काळ पडला असतां दामाजीपंतांनीं सरकारी धान्याचीं कोठारें उपाशी लोकांना खुलीं केलीं; बेदरहून त्यांना पकडून नेण्याचा हुकूम सुटला; आणि विठोबानें विठू महार होऊन धान्याची किंमत दरबारांत भरली, अशी ही कथा. कीर्तनांत सर्वांना आवडतो तो तिचा उत्तरार्ध. आमचें लक्ष मात्र पूर्वार्धाकडे जातें. दामाजीपंतांनीं कोठाराचें कुलूप काढलें तेव्हां विठू महार येणार आहे हें त्यांना ठाऊक नव्हतें. त्यांनीं कौल लावला नाहीं, चिठ्ठी टाकली नाहीं. समोर भुकेलीं माणसें होतीं, हातांत किल्ली होती, आणि शिक्षा कोणती मिळेल हें ते राजसेवक असल्यामुळें पुरतें जाणून होते. विठोबा आला नसता आणि दामाजीपंतांचें डोकें उडविलें गेलें असतें, तर त्यांच्या विश्वासाची किंमत कमी झाली असती काय? आमच्या मतें नाहीं. त्यांचा विश्वास कुलूप काढण्याच्या क्षणींच पूर्ण झाला होता. जे उत्तरार्धाच्या आशेनें पूर्वार्ध करावयास निघतात, त्यांचा मात्र पुन्हां हिशेब सुरू होतो.

एकच शब्द दोन घरांत किती भिन्न फळें देतो, याचा दाखला आपल्या अलीकडच्या इतिहासांत पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत सांपडतो. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व श्रद्धाळू गृहस्थ. तीर्थयात्रा, पुराणकथन आणि दानधर्म यांत त्यांनीं आपलें सारें द्रव्य घातलें. १८७० नंतरच्या दशकांत दुष्काळाची झळ लागली, तेव्हां देव प्रसन्न होईल या भरंवशावर तें कुटुंब उपासतापास करीत क्षेत्रोक्षेत्रीं फिरत राहिलें. मोलमजुरी करण्याची ना संवय, ना तयारी. वडील, आई आणि वडील बहीण हीं एकामागून एक गेलीं. पुढें रमाबाईंनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या धर्मांतराच्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. पाहण्यासारखें आहे तें हें कीं, त्यांचा ईश्वरावरील भरंवसा वडिलांपेक्षां तिळभरही कमी नव्हता. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्य प्रांतांत स्वतः गेल्या आणि शेंकडों अनाथ मुलींना आणून त्यांनीं केडगांवास आसरा दिला. केडगांवीं प्रार्थना होत असे, आणि विहिरीही खणल्या जात. शेती होती, विणकाम होतें, शाळा होती, छापखाना होता. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. पुढच्याच वर्षीं त्याही गेल्या, परंतु बायबलाच्या मराठी भाषांतराचें हातीं घेतलेलें काम त्यांनीं टाकलें नाहीं. वडिलांची श्रद्धा खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. ती हातापायांपर्यंत पोंचली नव्हती, इतकेंच. त्याची किंमत घरांतल्या बायकामुलांनींही दिली, हें विसरतां कामा नये. श्रद्धेच्या नांवाखालीं केलेल्या निष्क्रियतेचें बिल पुष्कळदां श्रद्धाळू मनुष्याच्या नांवानें येत नाहीं. तें त्याच्या आश्रितांच्या नांवानें येतें.

हाच विचार आम्हांला तेरच्या गोरोबाकाकांकडे नेतो. मुरुडाहून तेर कांहीं फार लांब नाहीं, आणि आमच्या भागांतील घरोघर गोरोबांच्या दोन कथा लहान मुलांनाही ठाऊक असतात. पहिली कथा अशी कीं, भजनांत तल्लीन होऊन माती तुडवीत असतां त्यांचें तान्हें मूल पायांखालीं आलें आणि त्यांना तें कळलें नाहीं. या कथेची स्तुति करतांना आपण थोडें थांबावें. पुढें देवानें मूल परत दिलें हें कथेंत आहे, पण त्याआधीं त्या मुलाच्या आईचा आक्रोश आणि संताप आहे, आणि परंपरेनें तो गाळलेला नाहीं. आमच्या मतें त्या माउलीचा संताप हाही या कथेचा उपदेशच आहे. देवाकडे डोळे लागले असतांही पायांशीं रांगणाऱ्या मुलाची जबाबदारी कोणाला चुकत नाहीं.

दुसरी कथा संतांच्या परीक्षेची. संतमंडळी जमली असतां कोणतें मडकें कच्चें आणि कोणतें पक्कें हें पाहण्यास गोरोबांना सांगण्यांत आलें, आणि थापटण्यानें प्रत्येकाच्या मस्तकावर ठोकून त्यांनीं नामदेवांना कच्चें ठरविलें. ज्याच्याशीं प्रत्यक्ष विठोबा बोले व जेवी अशी ज्याची ख्याति, तो नामदेव कच्चा! पुढें औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेल्यावर नामदेवांना कळून आलें कीं, जेथें देव नाहीं अशी जागाच नाहीं. म्हणजे कच्चेपणा भक्ति कमी असण्यांत नव्हता. देव एका गोड रूपांतच, एका राउळांतच आणि आपल्यावरील कृपेंतच आहे असें वाटण्यांत तो होता. कुंभाराला हें सांगावें लागत नाहीं. चाकावरून उतरलेलें मडकें आणि आव्यांतून निघालेलें मडकें दिसण्यांत सारखेंच असूं शकतें. पाणी भरलें म्हणजे भेद कळतो. सुखांतील श्रद्धा ही चाकावरून उतरलेली श्रद्धा होय. तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं, कारण प्रत्येक पक्कें मडकें एकदां कच्चेंच असतें. परंतु तिच्यावर पाण्याची भिस्त ठेवतां येत नाहीं.

पाण्याचा उल्लेख आला आहे तर त्याविषयींही बोललें पाहिजे, कारण आमच्या भागांत देवावर सर्वांत अधिक भार टाकला जातो तो पावसाच्या बाबतींत. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहराला पाणी पुरविणारें मांजरा नदीवरील धनेगांवचें धरण कोरडें पडलें. मार्च महिन्यांत पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमावबंदी करावी लागली, आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. दहा टाक्यांत सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. पुढें पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या. ही गाडी पंढरपुरावरून कुर्डुवाडी मार्गें येत असे, हें ऐकून भाविकांनीं हात जोडले असतील तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु तें पाणी कृष्णेचें होतें, आणि तें उपसणारे, टाक्या धुणारे, गाडी हांकणारे हात माणसांचे होते. त्याचबरोबर हेंही विचारलें पाहिजे कीं, जमिनींत वर्षांनुवर्षें खोल खोल बोअर घेऊन, थोड्या पावसाच्या मुलुखांत उसाला पाणी देऊन, नंतर कोरड्या विहिरीपाशीं उभें राहून देवाकडे बोट दाखवावें, हा भार टाकण्याचा कोणता प्रकार? पाऊस कमी पडणें हें आपल्या हातीं नाहीं. जमिनींतलें सांचलेलें पाणी उद्यांच्या मुलांसाठीं न ठेवतां आजच काढून घेणें हें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. आपल्या अविचाराचें ओझें देवाच्या खांद्यावर ठेवणें याला भार टाकणें म्हणत नाहींत. तें दोष टाकणें होय.

येथवर वाचून एखादा श्रद्धाळू वाचक म्हणेल, ‘हें सारें माणसानेंच करावयाचें, तर देवाला ठेवलें काय?’ आणि एखादा बुद्धिवादी म्हणेल, ‘हें सारें माणूसच करतो, तर मध्यें देव हवा कशाला?’ दोघांचा प्रश्न एकच आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. यांत दैव आहे. तें नाकारलेलें नाहीं. परंतु तें पांचवें आहे, पहिलें नव्हे. पहिलीं चार जो पुरीं करीत नाहीं त्याला पांचव्याचें नांव घेण्याचा अधिकार नाहीं; आणि पहिलीं चार म्हणजेच सर्व कांहीं असें जो समजतो त्याला यशांत गर्व आणि अपयशांत विषाद यांपासून सुटका नाहीं. बुद्धिवाद्याशीं आमचें भांडण नाहीं. किल्लारीच्या ढिगाऱ्यांखालून माणसें काढावयास जवान आले, स्वयंसेवक आले, नाना धर्मांचे लोक आले; त्यांतले कित्येक देवाचें नांवही न घेणारे असतील. त्यांनीं केलेलें काम हें भक्तांनीं करावयाचें काम होतें, आणि तें त्यांनीं केलें. आम्ही इतकेंच म्हणतों कीं, शक्तीच्या शेवटीं, जेव्हां ढिगारा उपसून झाला आहे आणि आंतलें माणूस जिवंत निघालेलें नाहीं, तेव्हांही दुसऱ्या ढिगाऱ्याकडे वळण्याचें बळ कोठून तरी यावें लागतें. आम्ही त्या स्थानाला ईश्वर म्हणतों. दुसऱ्या कोणी त्याला दुसरें नांव दिलें तर तंटा करण्याचें कारण नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाहीं. अशीं दुःखें असतात कीं ज्यांच्यापुढें वरील सर्व विवेचन लंगडें पडतें. ज्या आईचीं सगळीं मुलें एका पहांटे गेलीं, तिनें देव्हाऱ्यांतला दिवा लावण्याचें सोडलें, तर तिची श्रद्धा कच्ची ठरविण्यास कोणीही थापटणें हातांत घेऊं नये. देवावर रागावण्याइतकें तिचें देवाशीं नातें उरलें आहे, हेंही कमी नाहीं. तिच्यापुढें बसून तत्त्वज्ञान सांगण्यापेक्षां तिच्या घरीं पाण्याचा हंडा भरून ठेवणें हें अधिक धार्मिक कृत्य आहे. आपल्या वांट्याला आलेलें दुःख आपण देवावर टाकावें; दुसऱ्याच्या वांट्याचें दुःख मात्र देवावर टाकून मोकळें होऊं नये, त्याला आपला खांदा द्यावा. पुष्कळांच्या हातून याच्या नेमकें उलट घडतें. स्वतःचें दुःख रात्रंदिवस उराशीं धरून ठेवावयाचें, आणि शेजाऱ्याच्या दुःखावर ‘देवाची इच्छा’ म्हणून पुढें चालावयाचें.

आपल्या घरांत मुलें वाढत आहेत. परीक्षेच्या वेळीं, आजाराच्या वेळीं, घरांत पैशाची चणचण असतांना, मोठीं माणसें काय म्हणतात हें तीं ऐकत असतात, आणि त्याहून अधिक, मोठीं माणसें काय करतात हें पाहत असतात. ‘देवाला काळजी’ असें म्हणून आपण पांघरूण ओढून घेतलें, तर त्यांच्या मनांत देव म्हणजे आळसाचें दुसरें नांव होतें. ‘देवाला काळजी’ असें म्हणून आपण कंदील उचलला, चपला घातल्या आणि डॉक्टरला बोलवावयास निघालों, तर त्याच शब्दांचा दुसरा अर्थ त्यांना न सांगतां कळतो. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उपदेश म्हणून केली नव्हती, उपहास म्हणून केली होती. हरीवरील त्यांचा विश्वास आपल्यापेक्षां कमी होता असें कोणी म्हणणार नाहीं.